दादाचा शेवटचा शब्द

प्रयोगशाळेच्या दारात काका दिसले, तेव्हा मला वाटले, आईचेच काही झाले. ते एवढेच म्हणाले, “अकोल्याले चाल. वसंताचं विमान पडलं.”

वसंता म्हणजे माझा थोरला दादा. अमरावतीत मोटारी दुरुस्त करता करता तो अकोल्याच्या मैदानावरच्या दोन आसनी विमानाचा मेकॅनिक झाला. मी पदार्थविज्ञान शिकणारी. सुटीत आमचे वाद रंगत. “तुह्या पुस्तकातलं विमान कधी पडत नाही, बाई,” तो चिडवी, “माह्यं पडू शकते. म्हून ज्यानं जोडलं त्यानं पयले बसावं.” दुरुस्तीनंतरच्या पहिल्या उड्डाणात तो वैमानिकाच्या पुढच्या आसनावर बसे. त्या दिवशीही बसला...

गेले काही आठवडे मी तेच पुन्हा पुन्हा मांडून पाहते आहे. पंखांच्या मागच्या कडेला हलत्या फळ्या असतात. वैमानिकाच्या हातातला दांडा त्यांना तारांनी जोडलेला असतो. दांडा डावीकडे नेला की विमान डावीकडे कलते. नव्या तारा घालताना दादाने त्या चुकून उलटसुलट जोडल्या. निघण्यापूर्वी दांडा हलवून पाहिला गेला, फळ्या हलल्या. कोणत्या बाजूला हलल्या, हे दादा आणि वैमानिक या दोघांपैकी कोणीही पाहिले नाही.

वैमानिक मनोहरराव, दादाचे मित्र, मोडलेल्या हातानिशी वाचले. तेराव्यानंतर घरी येऊन त्यांनी सांगितले, “उजवा पंख खाली गेला. मी दांडा डावीकडे ओढला, तर तो आणखीच खाली. तेवढ्यात वसंता वळून ओरडला, ‘उलटं कर, मनोहर! उलटं!’ केलं... पंख सरळही झाले. पण खाली बाभळीच होत्या.”

काकांनी तो शब्द पकडला. “आयका! पोरगा उलटं कर म्हणून राहिला होता, म्हणजे हाच चुकला होता. याचा परवाना रद्द करूनच राहीन मी.” मनोहरराव उठून ओसरीवर जाऊन बसले.

“काका, त्यांचा हात बरोबरच होता,” मी म्हणाले. “तारा उलट होत्या. आणि त्या दादाने जोडल्या.”

“मेलेल्या भावाच्या माथी मारतं? हेच शिकवते का तुहं कॉलेज?”

दादा निर्दोष होता असे म्हणणाऱ्यांना तो कळलाच नाही, असे माझे मत आहे. कोसळत्या विमानात त्याने आपली चूक ओळखली आणि लपवली नाही; ओरडून सांगितली. मनोहरराव त्यामुळे जिवंत आहेत. हे छापून यावे, म्हणूनच लिहिते आहे.

आई स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होती. “त्याले समजलं होतं?” तिने मला विचारले.

“सगळ्यांच्या आधी.”

ती ओसरीवर गेली. “बाहेर कायले बसला, मनोहर? चाल, पान वाढलं.” तिने त्यांना दादाच्या पाटावर बसवले. एका हाताने भाकरी मोडेना, तेव्हा तिनेच मोडून ताटात घातली. काका भरल्या पानावरून उठून गेले. मी मात्र वाढतच राहिले... मनोहररावांच्या शेजारचा पाट रिकामा होता, पण दादाच्या पाटावर दुसरे कोणी असताना मला तिथे बसवेना.