पाठमोरे सर

जगातले यच्चयावत मोठे चित्रकार आणि संगीतकार नांदेड जिल्ह्यातच जन्मले, अशी दहावीपर्यंत माझी पक्की समजूत होती आणि तिला सर्वस्वी आमचे ड्रॉइंगचे सर जबाबदार होते. बिलोलीच्या शाळेत फळ्यावर चित्र काढता काढता ते या मंडळींचे किस्से सांगायचे. नाव मात्र कुणाचंच घ्यायचे नाहीत. "नावं परीक्षेला लागतात, लेकराहो. गोष्टीला माणूस पुरतो." त्यामुळे फिरंगी चित्रकारही बिनदिक्कत ज्वारीची भाकरी खायचे आणि राजाच्या दरबाराला निघालेला एखादा वादक वाटेत देवणीच्या बाजारात बैलजोडी बघत रेंगाळायचा. रागाच्या भरात स्वतःचा कान कापून घेणाऱ्या चित्रकाराची गोष्ट चालली होती, तेव्हा मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, मग त्यो चष्मा कसा लावत असंल?" सर इतके खूश झाले की उरलेला तास त्यांनी एककानी माणसाला चष्मा कसा बसवावा, याची चित्रं काढण्यात घालवला.

सरांनी कधी छडी हातात धरली नाही. त्यामागंही किस्साच होता. जुन्या काळी परदेशातला एक संगीतकार जाडजूड काठी जमिनीवर आपटून ताल द्यायचा. एकदा ती त्याच्याच पायावर बसली, जखम चिघळली आणि बिचारा त्यातच गेला. "काठीचा काई भरवसा न्हाई," सर गंभीर चेहऱ्यानं सांगायचे. दुसऱ्या एका संगीतकाराचा राजा वादकांना घरी जायला रजाच देईना. तेव्हा यानं अशी रचना केली, की एकेक वादक आपलं वाजवून झालं की समोरची मेणबत्ती विझवून उठून जाई. हा किस्सा सरांनी शिक्षकांच्या खोलीत सांगितला आणि पुढच्याच लांबलेल्या बैठकीत एकेक शिक्षक बोलून झाल्यावर मुकाट्यानं उठून गेला. शेवटी हेडमास्तर आणि सर दोघंच उरले. निघताना सरांनी पंखाही बंद केला म्हणे.

पण सरांची खरी गंमत अशी, की ते हे सगळं पाठमोरं सांगायचे. तोंड फळ्याकडे, हातात खडू आणि कान मागं. हशा आला की खडू पुढं सरकायचा. नाही आला तर तिथंच थांबायचा, गोष्ट थोडी मागं जायची आणि नव्यानं चालत यायची. आमच्या हसण्यावर त्यांचं चित्र पुरं व्हायचं.

त्यांचा सगळ्यात लाडका किस्सा बहिऱ्या संगीतकाराचा. त्याची सर्वांत मोठी रचना पहिल्यांदा वाजली, तेव्हा तो लोकांकडे पाठ करून ताल देत उभा होता. संपल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला, पण याला पत्ताच नाही. मग कुणीतरी त्याला धरून वळवलं आणि न ऐकू आलेल्या टाळ्या त्याला दिसल्या. हे 'कुणीतरी' म्हणजे सरांच्या मते बासरीवाला. आम्ही घरी चित्रं दाखवायला गेलो आणि ही गोष्ट निघाली, की सरांच्या पत्नी, आमच्या काकू, स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "बासरीवाल्याला काय पडलंय? बाईच असंल ती. गडीमाणसाला सुचतंय व्हय हे!"

"तू होतीस का तिथं?" सर विचारायचे.

निवृत्तीनंतर दोघं नांदेडला राहायला गेले आणि तिथं सरांचे कान गेले. यंत्र आणलं, पण त्यात हशा आणि भांडी पडणं सारखंच ऐकू यायचं. कुणी हसलेलं कळेना, तशा गोष्टी बंद झाल्या. आपले किस्से शिळे झाले, असं सरांनी मनाला लावून घेतलं. काकूंचा मला फोन आला. "लई गप झालेत रे. नुसते भिंतीकडं पाहून राहिलेत. कायतरी करा बाबा."

म्हणून आम्ही बिलोलीत जुन्या वर्गाचा मेळावा भरवला आणि सरांना हट्टानं फळ्यापाशी उभं केलं. त्यांनी खडू उचलला आणि बहिऱ्याचीच गोष्ट काढली. पहिल्याच वाक्याला आम्ही पोट धरून हसलो. खडू मात्र थांबलेलाच. सर मागं गेले, तेच पुन्हा सांगितलं, पुन्हा कान देऊन थांबले. असं बऱ्याचदा झालं. अखेर त्यांनी डस्टर घेतलं आणि अर्धं चित्र पुसायला लागले. काय करावं, कुणालाच सुचेना.

काकू पहिल्या रांगेतून उठल्या. पदर खोचून फळ्यापाशी गेल्या आणि सरांना खांद्याला धरून त्यांनी आमच्याकडे वळवलं. आम्ही जिवाच्या आकांतानं टाळ्या वाजवायला लागलो. टक्कल पडलेली, ढेऱ्या सुटलेली, डोळे पुसणारी ती सगळी पोरं सरांनी एकेक करून पाहिली. मग काकूंकडे बघून म्हणाले, "हाव. बाईच व्हती."

काकू आता नाहीत. मी लातूरहून जमेल तसा नांदेडला जातो. सरांनी बैठकीच्या खोलीत फळा लावून घेतलाय. आम्ही तीन-चार जण जमतो, बहिऱ्याची गोष्ट होते, आणि ऐकू जाणार नाही हे माहीत असूनही आम्ही मोठमोठ्यानं हसतो. गोष्ट संपते, तरी सर वळत नाहीत. खडू हातात धरून फळ्याकडे तोंड करून तसेच उभे राहतात. अशा वेळी काकूंची फार आठवण येते. मग आमच्यातलं कुणीतरी उठतं.