चाचांच्या ओट्यावरचं बटण
परवा वायफाय बंद पडला म्हणून मी अर्धा तास राउटरच्या सेटिंगशी झटापट केली, आणि मग बायकोनं येऊन भिंतीवरचं बटण दाबलं. शिरूरमध्ये इतकी वर्षं केबलचा धंदा केलेल्या माणसाची ही अक्कल! पण त्या 'टक' आवाजानं मला एक दुपार आठवली. आमच्या गल्लीतले म्हातारे चाचा सकाळी वारले होते. मुलगा सौदीत अडकलेला. दफनाआधी इकडच्या घरातल्या कॉम्प्युटरवरून बापाचा चेहरा तरी दिसावा म्हणून तो व्हिडिओ कॉल लावून थांबलेला, आणि नेमकं नेट गेलं. मयताच्या घरात शिरून खुडबुड कशी करायची, म्हणून मी आधी उन्हात खांबावर चढलो, वायरीचे जोड बदलले, सिग्नल मोजायचा मीटर लावला, तरी सिग्नल न्हाईच. शेवटी आठवलं, खांबावरच्या सिग्नल वाढवायच्या डब्याला वीज चाचांच्याच ओट्यावरच्या बटणावरून दिली होती. "ह्या बटनाला कुनी हात लावायचा न्हाई, पोरगा दिसतो माझा त्याच्यावर," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला दटावायचे. त्या दिवशी दुखवट्यात टीव्ही नको म्हणून कुणीतरी केबलचं समजून तेही बंद केलं होतं. मी ते दाबलं तोवर नमाजाची वेळ झाली म्हणून जनाजा निघून गेला होता. "अब्बा कुठं हायत?" पडद्यावरून मुलगा विचारत होता, आणि त्याला इकडची रिकामी खाट दिसत होती. परवा हे बायकोला सांगितलं. आमचाही मुलगा आता परदेशातच असतो. ती म्हणाली, "माझं काही झालं तर टीव्ही खुशाल बंद करा. हे बटण तेवढं चालू राहू द्या."