फर्नांडिस टीचरनी हात जोडले नाहीत

मी बेल्जियमला निघाले त्या सकाळी अप्पांनी माझी भरलेली बॅग पुन्हा सगळी उपसली. आत्याने दिलेला चिवड्याचा डबासुद्धा उघडला. "दुसऱ्याने पॅक केलेलं न्यायचं नाही. आत काय असेल सांगता येतं का?" सख्ख्या बहिणीवर संशय! आत्या रुसून बसली. एकच पुडकं त्यांनी न उघडता आत ठेवलं. ते माझ्या कॉलेजच्या फर्नांडिस टीचरचं होतं.

अप्पा परभणीहून कांजूरमार्गला आलेले, कंपनीत फिटर. आम्ही बौद्ध. देव, देवळं, अंगारे आजोबांच्या काळातच सुटले, त्यामुळे कुणी नवा देव घेऊन आलं की अप्पांचे कान टवकारायचे. मी त्यांचीच मुलगी. अकरावीला आर्ट्स घेतलं, तेव्हा ही फर्नांडिस बाई आपली सुट्टी घालवून पोरांना युरोपातली चित्रं का दाखवते, असं मलाही वाटायचं. त्यात ती ख्रिश्चन.

मग टीचरनी वर्गाला वांद्र्याच्या एका चर्चमध्ये चित्रं दाखवायला न्यायचं ठरवलं. अप्पा भडकले. "एका देवळातून बाहेर पडायला आपल्या किती पिढ्या गेल्या, माहितीये ना? ही दुसऱ्यात नेतेय. मी येणार. काही वेगळं दिसलं तर आर्ट्स बंद, कॉमर्सला टाकतो." आणि खरंच आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसले. समोरच्या चित्रात आईच्या मांडीवर तिचा मेलेला मुलगा होता. टीचर म्हणाल्या, "हे कोण ते नंतर. आधी नीट बघा." मागून अप्पांचाच आवाज आला, "ती रडत का नाहीये?" त्या एका प्रश्नावर टीचरनी अर्धा तास घेतला. परतताना अप्पा म्हणाले, "बाई हुशार आहे. म्हणूनच सांभाळून राहा."

आता आमच्या विहारात या, असं त्यांनी टीचरना सांगितलं. त्या हो म्हणाल्या. "लगेच कशी हो म्हणाली?" हा नवा संशय.

पुढच्या रविवारी टीचर सगळ्या वर्गाला घेऊन आल्या. चपला काढून बुद्धमूर्तीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. हा चेहरा हसतोय का, मुलांना विचारलं. पण हात जोडले नाहीत. अप्पांचा चेहरा पडला. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलंच, "टीचर, आमच्याकडे हात जोडायला काय झालं?"

"तुम्ही आमच्याकडे जोडले नव्हते. मी बघितलं ना. बरं वाटलं, माणूस खोटं वागत नाही म्हणून. मग मी इथे खोटं कशाला वागू?"

अप्पांनी चहा मागवला. कॉमर्सचं नाव पुन्हा निघालं नाही.

आज मी इथल्या एका म्युझियममध्ये लोकांना तसलीच चित्रं समजावते. माणसं चांगली आहेत, तरी प्रत्येक गोड हसण्यामागे काय असेल, हे मी चाचपतेच. गेल्या रविवारी घरमालकीण मला चर्चला घेऊन गेली. मी हात जोडले नाहीत. कुणी विचारलं तर काय सांगायचं, याची तयारी करून बसले होते. कुणी विचारलं नाही. फार एकटं वाटलं. माझे न जोडलेले हात ज्यांना खुपतील, ती माणसं तिकडे राहिली होती.

संध्याकाळी अप्पांना फोनवर सांगितलं.

"तिला राग आला?"

"नाही."

"बघितलं तरी का तिने?"

"नाही, अप्पा."

अप्पा म्हणाले, "सुट्टी टाक गं. घरी ये."