नवं घर कुणाच्या नावावर?

समस्त नातलग, शेजारी आणि ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही अशा सर्व सज्जनांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते, की माझ्या आईने डोंबिवलीचा फ्लॅट विकून प्रचंड नफा कमावला असून आयकर खात्याचे लक्ष आता तिच्याकडे लागले आहे.

ही घोषणा मी पोळ्या लाटता लाटता केली आणि आई खरंच घाबरली. "अगं, मी कसला नफा केला? मी तिथे नुसती राहिले!"

तिचंही बरोबर होतं. फ्लॅट बाबांनी तरुणपणी घेतलेला. ते गेल्यावर तो आईच्या नावावर झाला. पुढे तिला जिने चढवेनात, म्हणून विकला. घेतानाच्या आणि विकतानाच्या किमतीतला फरक म्हणजे नफा, आणि त्यावर कर. मात्र ठरलेल्या मुदतीत तो नफा दुसऱ्या राहत्या घरात घातला तर कर माफ. आमच्याच इमारतीत, कोलशेतला, खालच्या मजल्यावरचा एक फ्लॅट विकायला निघाला होता. बोलणी झाली होती, नुसता करारनामा व्हायचा होता.

तोवर आई आमच्याकडे राहत होती, आणि मला ते बघवत नव्हतं. जन्मभर माझ्या आमटीला नावं ठेवणारी ही बाई जावयाच्या घरी आल्यापासून "छान झालीय" म्हणायची. टीव्ही लावायचा तरी विचारायची.

खोपटला एका सीएबाईंकडे गेलो. त्यांनी विचारलं, "काकू, जुन्या घरात काही सुधारणा केल्या होत्या? तो खर्च नफ्यातून वजा करता येतो."

आईने नीट आठवून सांगितलं, "ह्यांची तंबाखू सोडवली."

"तशा नाही हो. भिंती, फरशी..."

"बाल्कनी आत घेतली होती. सगळ्यांनीच घेतली."

सीएबाई घाईघाईने पाणी प्यायल्या. "ते राहू दे. नवं घर कुणाच्या नावावर घेताय?"

"हिच्या!" आईने अभिमानाने माझ्याकडे बोट केलं. "हे गेल्यावर नाव बदलायला सोसायटीत किती खेटे घातले मी. माझ्यामागे पोरीला तो ताप नको."

मी मान डोलावली. मला तर ही व्यवस्था फार सोयीची वाटली होती.

"काकू, घर तुमचं विकलंय, तर नवंही तुमच्याच नावावर हवं. नाहीतर सूट अडकेल आणि नोटिशीला उत्तरं देत बसाल."

"पण या वयात मी कुठे घर घेऊ? लोक हसतील."

"हसू देत. मुलीसाठी मृत्युपत्र करून ठेवा."

परतताना रिक्षात आई म्हणाली, "आधी वडिलांचं घर, मग ह्यांचं. ह्यांच्यानंतर माझं झालं, पण ते कागदावर. दारावर पाटी ह्यांचीच होती."

"आता तुझी लावू."

"जावईबापूंना वाईट नाही ना वाटणार?"

"त्याला? तो पेढे वाटेल."

तिने माझ्या दंडावर एक चापटी मारली. कितीतरी दिवसांनी मारली. मला इतकं बरं वाटलं, की मी बाहेर बघत बसले.

करारनाम्याच्या नोंदणीला आई ठेवणीतली साडी नेसून आली. फोटो आणि अंगठ्याची वेळ झाली तेव्हा तिथल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "घेणार कोण?"

सवयीने मीच पुढे सरकले. आईने कोपराने मला बाजूला सारलं, कॅमेऱ्यासमोर ताठ बसली, आणि अख्ख्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी घेणार! ही वर राहते, आणि माझ्याकडे येताना बेल वाजवून येणार!"