चांदभाईच्या खांद्यातली गाठ

अंगात आलं, दिसलं, भासलं असं कुणी सांगू लागला की मी आधी त्याची जीभ आणि नाडी बघायचो. सगळी नोकरी नगरच्या एका दवाखान्यात ड्रेसर म्हणून गेली, संशयी स्वभाव तिथेच जडला. त्यामुळे हे मी सांगतोय याचं मलाच नवल वाटतं...

इंग्रज जायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. सुप्याचा चांदभाई पिंजारी उजवा खांदा धरून यायचा. दिवसभर कमानीच्या तातेवर, म्हणजे तिच्या ताणलेल्या दोरीवर, लाकडी दस्ता मारून कापूस पिंजायचा आणि हात वर गेला की खांदा निखळायचा. आम्ही काखेत टाच देऊन हात ओढायचो, टक्कन बसायचा. सातव्यांदा आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता उघडून आतला सैल पडदा शिवायला हवा, नाहीतर पिंजण कायमचं बंद. घरात कमावता तो एकटाच.

ऑपरेशनच्या सकाळी मी त्याच्या खांद्यावरचे केस काढत होतो.

"कापू नका," तो म्हणाला. "काल दुपारी अब्बा आल्ते. खांदा बांधून गेले."

"कुठं असतात अब्बा?"

"जाऊन नऊ वर्सं झाली."

घाबरलाय, दुसरं काय... मी वस्तरा चालवत राहिलो. कातडीवर ओरखडासुद्धा नव्हता.

डॉक्टरांनी खांदा उघडला आणि ते थांबले. पडदा कुणीतरी आधीच शिवला होता — जाड, पिवळट तातेने. पिंजाऱ्याच्या कमानीला आतड्याची असते, तीच. वर दुहेरी गाठ. हात फिरवून पाहिला, खांदा निखळेना.

"याला आधी कुणी चिरलंय?" त्यांनी मला विचारलं. "नाही, वर व्रण नव्हता," मी म्हणालो. त्यांनी जखम बंद केली.

मला वाटलं, हा लबाड दुसरीकडे जाऊन आलाय. त्याच्या बायकोला खोदून खोदून विचारलं.

"तुमच्याबिगर दुसऱ्या दवाखान्याची पायरी न्हाई चढले ते," ती म्हणाली.

काही महिन्यांनी मुद्दाम सुप्याला गेलो. चांदभाई खुशाल पिंजत होता. त्याला तातेला गाठ मारायला लावली. तीनदा मारली, तीनदा सुटली.

"अब्बांची गाठ मला कधी जमलीच न्हाई," तो हसून म्हणाला. "ती बगा, त्यांची कमान."

कोपऱ्यातली जुनी कमान मी उजेडात धरली. तीच दुहेरी गाठ होती.

दवाखान्याच्या वहीत ऑपरेशन कुणी केलं, तो रकाना मी भरायचो. चांदभाईच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांना विचारलं होतं, "तुमचं नाव लिहू?"

ते म्हणाले, "कोरा ठेव."