मशीनच्या दारातला हार

आमचे मोठे दीर रामनाथभाऊजी नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. मशीन आपल्याशी बोलतं, असं ते येईल त्याला सांगतात. घरातला पंखा त्यांनी दुरुस्तीला उघडला, तो अजून उघडाच आहे. पण बोलायला काय जातं.

दसऱ्याला त्यांनी नव्या वॉशिंग मशीनची पूजा केली. कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि तो घसरू नये म्हणून त्याचं टोक दारात दाबून बसवलं. दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी कपडे टाकले. भाऊजींनी हार पुन्हा तसाच दारात अडकवला. मशीन काही सुरू होईना. दिवा नुसता लुकलुकत राहिला.

"दार लागत नसेल. हार काढू का?" जाऊबाईंनी विचारलं.

"पूजेचा हार सुकल्याशिवाय काढत नाहीत," भाऊजी म्हणाले. "हा व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे. तुला नाही कळायचं."

मग त्यांनी प्लग काढून परत घातला, नळ फिरवून बघितला, म्हशीला मारावी तशी मशीनला थाप मारली आणि टेस्टर घेऊन खाली मीटर बघायला गेले.

ते जिना उतरताच जाऊबाईंनी हार काढून देव्हाऱ्यात ठेवला आणि दार दाबलं. खट् झालं. मशीनमध्ये पाणी भरायला लागलं.

भाऊजी वर आले. चालू मशीन बघून त्यांनी डोळे मिटून हात जोडले.

"बघ," ते बायकोला म्हणाले, "पूजा केली होती म्हणून थोडक्यात निभावलं."