रतनबाईची चुंबळ

भिमाजी रग्बीच्या नादी हौसेनं लागला असं कुणी सांगितलं, तर ते साफ खोटं. छावणीतल्या साहेबांनी काढलेलं ते खूळ, दाणगट माणसं लांबुळक्या चेंडूसाठी एकमेकांच्या उरावर बसायची, आणि लष्करी गाड्यांना ग्रीस लावणारा भिमाजी लांबून बघून हसायचा. पण त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात पलटणीला आसामचा हुकूम आला. रग्बीची टीम तेवढी मुंबईच्या सामन्यांसाठी पावसाळ्यापर्यंत नगरलाच थांबणार होती. हे कळलं तसं त्याचं हसू पळालं.

पाथर्डीकडच्या गावी त्याची बायको रतनबाई आठव्या महिन्यात होती. आधीची दोन लेकरं जन्मताच गेली, आणि दोन्ही खेपेला हा सरहद्दीवर. तार मिळून घरी पोचला तेव्हा सगळं आटोपलेलं. यंदा ती एवढंच म्हणाली होती, "या बारीला तुमी जवळ ऱ्हावा." लग्न झाल्यापासून त्या बाईनं दुसरं काही मागितलं नव्हतं.

त्यात टीमचा किक मारणारा गडी खांद्याचं हाड मोडून दवाखान्यात पडला. भिमाजी टीम सांभाळणाऱ्या सुभेदार कोतकरांपुढं जाऊन उभा राहिला.

"साहेब, मला पळाया जमत न्हाई, पर पायात जोर हाय."

"जोर बैलाच्याबी पायात असतो. चेंडू दांडीवरून घालशील का?"

"घालीन," भिमाजी म्हणाला. निव्वळ थाप. आयुष्यात त्यानं चेंडूला पाय लावला नव्हता.

"पुण्याच्या टीमबरोबर सामना हाय. तवर जमलं तर टीममधी, न्हाई तर आसामची गाडी."

काम सोपं वाटेल. दोन उंच खांब, मधे आडवी दांडी; चेंडू जमिनीवर उभा करायचा आणि लाथ घालून दांडीच्या वरून, खांबांच्या मधून काढायचा. पण तो मेला चेंडू उभा राहील तर ना! टाचेनं खळगा करून त्यात चेंडू बसवायचा, अशी रीत. गेल्या सालापासून पाऊस दडी मारून बसलेला, मैदान भाजलेल्या विटेसारखं. टाच सोलवटली पण खळगा काही होईना. कसाबसा चेंडू टेकवून चार पावलं मागं जावं, तोवर तो आडवा. भिमाजीचा जीव रडकुंडीला आला.

रविवारी तो घरी गेला. रतनबाई लांबच्या विहिरीवरून हंडा घेऊन आली. पोट सांभाळत तिनं हंडा उतरवला, डोक्यावरची चुंबळ काढली, भुईवर ठेवली आणि तिच्यावर हंडा टेकवला. बुडानं गोल हंडा, पण जागचा हलला नाही. जुन्या लुगड्याची घट्ट वळलेली ती वाटोळी चुंबळ भिमाजी बघतच राहिला.

"ही दे मला."

"मंग मी पानी कशावर आनू?"

"दुसरी वळ की. हिच्यापायी मी नगरात ऱ्हाईन."

तिला त्यातलं काडीचं कळलं नाही, पण तिनं दिली.

चुंबळीवर चेंडू असा बसला, की भिमाजीला देव भेटल्यागत झालं. वारा येवो, काही होवो, हलायचं नाव नाही. मग पायातला जोर कामी आला. चेंडू दांडीवरून जायला लागले. "बायकोची चुंबळ आनली का रं?" म्हणून पोरं खिदळली. सुभेदारही हसले, पण चेंडू जातोय म्हटल्यावर त्यांनी चालवून घेतलं. नियमाचं पुस्तक त्यांच्यातल्या कुणी उघडलं नव्हतं. भिमाजीनं खळग्याचा नाद सोडला तो सोडलाच. तिथंच फसला बिचारा.

सामन्याला मुंबईहून रेफरी आला होता. खेळ संपत आला तेव्हा छावणीची टीम दोन गुणांनी मागं होती, आणि पेनल्टी मिळाली. तीन गुणांची किक. भिमाजीनं कमरेला खोचलेली चुंबळ काढून जमिनीवर ठेवली.

"हे काय? उचला," रेफरी म्हणाला. "चेंडू जमिनीवर ठेवायचा. फार तर माती नाहीतर वाळू."

भिमाजीनं हात जोडले. रेफरीनं नकाराची मान हलवली. काय करणार तोही, नियम तो नियम. भिमाजी टाच आपटत सुटला. बूट उचकटला, माती उचकटली नाही. नखांनी ओरबाडून त्यानं चिमूटभर धूळ गोळा केली. चेंडू ठेवला, पडला. ठेवला, पडला. तिसऱ्यांदा राहिला तसा तो श्वास रोखून धावला. चेंडू दांडीच्या खालून गेला.

आसामच्या गाडीत बसायच्या आधी घरी जाऊन ये, एवढंच सुभेदार म्हणाले.

घरी पोचला तेव्हा रतनबाई पाणी घेऊन दारात उभी होती. डोक्यावर पदराची ओली घडी, तिच्यावर हंडा. त्यानं हंडा उतरवून घेतला. पदर सरकला, आणि टाळूवरचे केस घासून गेलेले दिसले. खाली कातडी लाल झाली होती.

"दुसरी वळ म्हनलं हुतं ना तुला?"

"तुमी ऱ्हानार असं कळंस्तवर वळायची न्हाई, असं म्या धरलं हुतं मनात."

भिमाजीनं चुंबळ तिच्यापुढं धरली. बुटाच्या टोकानं तिची एक कड पार फाटली होती. रतनबाईनं ती हातात घेतली, उलटीपालटी करून बघितली. तो जाणार, हे तिनं ओळखलं. आत जाऊन जुनं लुगडं काढलं, फाडलं, आणि उंबऱ्यावर बसून नवी चुंबळ वळायला लागली.